विहिरीवरचा तास

हलगेकर बाईंनी शिकवलेले पाढे
मी बरेचसे विसरलेय. सतराचा तर पुराच.
पण पाण्यात पडल्यावर काय करायचं
ते डोक्याला विचारावं लागत नाही,
हातच सांगतात.

एप्रिलात पेपर संपले की
बाई मुलींना घेऊन निंगाप्पाच्या विहिरीवर.
मुलगे आधीच पोहत होते. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं,
नुसतं ढकललं होतं.
आम्हाला कुणी ढकलतही नव्हतं.

"हे काय पुस्तकात हाय काय, बाई?"
माझ्या आईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.
"विहीर गावात हाय की," बाई म्हणाल्या,
"पुस्तकात नसली तर नसंना."

गावात तीन कारणं सांगायचे:
बहीण गेली मलप्रभेत, नवस होता,
लग्न मोडलं त्याचं वेड.
आम्ही धीर करून विचारलं.
"उकडतंय म्हणून," बाई म्हणाल्या
आणि काष्टा मारला.

पाठीला बांधायला वाळका भोपळा,
नाही मिळाला त्यांना रॉकेलचा रिकामा डबा.
मला डबा. चार आंघोळी केल्या तरी
आई म्हणायची, चुलीपासून लांब बस.

बाई चौथ्या पायरीवर, छातीभर पाण्यात.
चष्मा कोनाड्यात.
चष्म्याशिवाय आम्ही सगळ्या त्यांना सारख्याच,
पाणी उडवण्याच्या आवाजावरून ओळखायच्या:
"भरमव्वा, पाय! लगमी, मान वर!
शबाना, श्वास सोड गं,
साठवून ठेवायची वस्तू नव्हे ती."

एका आवारात दोन शाळा होत्या.
मधे गुडघ्याएवढी भिंत, तिच्यावर दोन्हीकडची दप्तरं.
घंटा एकच, चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा,
ज्याचा तास आधी संपेल त्यानं वाजवायचा.

त्या वर्षी पाट्यांना कुणी काळं फासलं,
पाठोपाठ दगड, पाठोपाठ पोलीस.
चार दिवस खानापूरची बस आली नाही,
बांधून ठेवलेली रताळी पोत्यातच मऊ पडली.
मोठी माणसं हॉटेलातसुद्धा वेगवेगळ्या बाकांवर.

तिसऱ्या दुपारी कन्नड शाळेचे मडिवाळर मास्तर
पोरीचं बोट धरून विहिरीवर आले.
ते मराठीत बोलले. बाई कन्नडात.
दोघांचंही इतकं मोडकं
की आम्ही तोंडात ओढण्या कोंबल्या.
मग बाई पाण्यातून ओरडल्या, "उसिरु बिडु!"
आणि मास्तरांच्या पोरीच्या आधी
शबानानंच सोडला.
भोपळा कमी पडत होता, मी माझा डबा दिला.
दिला म्हणजे, बाईंनी सोडवून घेतला.
मी बुडाले नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

आता मी त्याच शाळेत बिसीऊट शिजवते,
दोन्हीकडचं एकाच शेगडीवर.
पट मला रजिस्टरातून कळत नाही,
तांदूळ मापताना कळतो.
मराठीकडची नऊ पोरं.
भिंतीच्या पलीकडे चौदा.
इंग्लिश शाळेची पिवळी गाडी सकाळी
बाकीची उचलून नेते, दोन्हीकडची,
त्यात भेदभाव करत नाही.

बाई रिटायर होऊन सोळा वर्षं झाली.
विहिरीवर लोखंडी जाळी आली, कुलूप आलं.
मे महिन्यात त्या निंगाप्पाच्या नातवाकडे
किल्ली मागतात, उसनी साखर मागावी तशी.
पाण्यात उतरत नाहीत आता, गुडघे ऐकत नाहीत.
पायरीवर बसतात. चष्मा मात्र
अजून काढून कोनाड्यात.

काल माझी पोर उतरली. पाठीला
तेलाचा पाच लिटरचा कॅन.
दोनदा गटांगळी, मग हात, मग हात.
बाईंनी कान तिकडे केला
आणि जोरात ओरडल्या,
"लगमी, मान वर!"

पोरीला कळेना कुणाला.
मी काठावर, कोरडी, खांद्यावर टॉवेल,
आणि माझी मान वर.